मुंबई ते लंडन: थांब्यांचा इतिहास

मुंबई आणि लंडन यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर ही दोन शहरे जोडणारी सर्वांत आखूड रेषा ओढली की हा आकडा मिळतो, आणि तो पेशवाईत जेवढा होता तेवढाच आजही आहे. कमी झाला तो वेळ. अठराव्या शतकात पाच-सहा महिने, १८४०च्या सुमारास दीड-दोन महिने, १९३१ साली दोन आठवडे, १९४८ साली एक दिवस आणि आज साडेनऊ ते दहा तास. या उतरत्या क्रमाची एक ठरलेली गोष्ट आपल्याला शाळेपासून ऐकवली जाते: शिडे गेली आणि वाफ आली, वाफ गेली आणि पंखे आले, पंखे गेले आणि जेट आले, प्रत्येक नवे यंत्र आधीच्यापेक्षा वेगवान होते म्हणून जग जवळ आले. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण प्रत्यक्ष प्रवासांचा हिशेब मांडला तर ती टिकत नाही. मुंबई-लंडन प्रवासाचा बराचसा वेळ वाहन चालत असताना गेलेला नाही, ते उभे असताना गेलेला आहे. वाऱ्यासाठी, कोळशासाठी, पेट्रोलसाठी, उजाडण्यासाठी, पुढच्या जहाजासाठी आणि कोणाच्या तरी परवानगीसाठी प्रवासी थांबत आला. म्हणून या दोन शहरांमधला वेळ कसा घटला हे समजून घ्यायचे तर वेगाचा नव्हे, थांब्यांचा इतिहास पाहावा लागतो; आणि थांबे पाहायला लागलो की ते कोणाच्या जमिनीवर होते, हा प्रश्न टाळता येत नाही.

शिडाच्या जहाजांपासून सुरुवात करू. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारी समुद्रवाट जवळजवळ २०,००० किलोमीटरची, म्हणजे सरळ रेषेच्या पावणेतीन पट. पण वाट लांब होती एवढ्याने पाच-सहा महिन्यांचा उलगडा होत नाही. चांगला वारा मिळाला की शिडाचे जहाज पहिल्या आगबोटींच्या तोडीस तोड, कधी त्यांच्यापेक्षाही जोरात धावे. अडचण अशी की वारा माणसाच्या सोयीने वाहत नसे. अरबी समुद्रात वर्षाचे काही महिने वारा नैऋत्येकडून आणि काही महिने ईशान्येकडून येतो. त्यामुळे कधी निघायचे हे दर्यावर्दी ठरवत नसे, मोसम ठरवत असे. एक मोसम चुकला तर पुढचा येईपर्यंत बंदरात बसणे भाग होते. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांनी आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाच्या वकिलाला लंडनला पाठवले, आणि १७८१ साली तिथे ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी या वकिलाची व्यवस्था पाहिली. जाणे, बोलणे आणि परतणे यांत पुण्यातले राजकारण कुठल्या कुठे गेलेले असे. त्या काळच्या वकिलातीचे अपयश केवळ मुत्सद्देगिरीच्या मापाने मोजणे म्हणूनच अन्यायाचे आहे. उत्तर यायलाच वर्ष लागत असेल तर प्रश्न जुना झालेला असणारच.

आता वाफेकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा पहिला ठोस पुरावा तिथे मिळतो. ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी टपाल घेऊन सुएझकडे निघाली. २२ एप्रिलला ती सुएझला पोहोचली. हे ३३ दिवस होतात. पण त्यांपैकी बोट प्रत्यक्ष चालली ती फक्त २१ दिवस. उरलेले १२ दिवस एडन, मोखा, जिद्दा आणि कोसेर इथे कोळसा चढवण्यात गेले. बोटीचे मूळ कोठार पाच-सहा दिवसांपुरते होते. एडनपर्यंतची पहिलीच मजल मारायला दुप्पट कोळसा लागणार म्हणून प्रवाशांच्या आणि टपालाच्या जागेतही कोळसाच भरला होता, आणि तरीही ती एडनला लागली तेव्हा जेमतेम काही तासांचे इंधन शिल्लक होते. चालण्याच्या दिवसांचा हिशेब केला तर तिचा सरासरी वेग ताशी सहा सागरी मैलांच्या आतबाहेर पडतो. कोणी थक्क व्हावे असा हा वेग नव्हता. वाफेने दिलेली खरी देणगी वेगळी होती: वाऱ्याची वाट न पाहता ठरल्या दिवशी निघता येणे. पण हे एक थांबणे संपवताना तिने दुसरे निर्माण केले. वारा फुकट होता आणि सर्वत्र होता. कोळसा मात्र इंग्लंडहून आणून, वाटेवर साठवून, राखून ठेवावा लागे. सुएझला लागणारा कोळसा तर उंटांच्या पाठीवरून वाळवंट ओलांडून येई.

कोळसा राखायचा म्हणजे जागा हवी, आणि जागा कोणाची तरी असते. ‘ह्यू लिंडसे’च्या पहिल्या फेरीनंतर नऊ वर्षांनी, जानेवारी १८३९मध्ये, मुंबई सरकारच्या आरमाराने कॅप्टन हेन्सच्या हाताखाली एडन जिंकून घेतले. वाटेवरचे कोळशाचे ठाणे हे त्यामागचे मोठे कारण होते. पुढे जवळजवळ शतकभर एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. १९३२मध्ये तो मुंबईकडून काढला गेला आणि १९३७मध्ये एडन हिंदुस्थानापासून वेगळे झाले. अरबस्तानाच्या टोकावरचे एक बंदर मुंबईच्या राज्यपालाच्या अखत्यारीत इतकी वर्षे का होते, याचे उत्तर नकाशावर सापडत नाही. ते बोटीच्या कोठारात सापडते. आगबोटीला जेवढा पल्ला झेपत होता, तेवढ्या अंतरावर साम्राज्याला जमीन लागत होती. वेळ वाचला हे खरे. पण तो वाचवण्याची किंमत त्या जमिनीच्या मूळ मालकांनी दिली, आणि प्रगतीच्या गोष्टीत ते कुठेच दिसत नाहीत.

इजिप्तचीही तीच कथा आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. सुएझपासून कैरोपर्यंतचे वाळवंट आधी उंट, मग घोड्यांच्या दुचाकी गाड्या अशा साधनांनी पार होई. थॉमस वॅगहॉर्नसारख्या खटपट्या माणसाने तिथे विसाव्याच्या जागा आणि टपालाची साखळी उभी करण्यात आयुष्य घालवले. १८५०च्या दशकात अलेक्झांड्रिया-कैरो आणि पुढे १८५८मध्ये कैरो-सुएझ रेल्वे झाली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा उघडला आणि मुंबई-लंडन समुद्रवाट सुमारे ११,६०० किलोमीटरवर आली. कालव्याने अंतर कापले हे सर्वांना ठाऊक आहे; पण त्याने टपालाचा वेळ लगेच फारसा कमी केला नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रेल्वेने इजिप्त ओलांडणारे टपाल आधीच वेगाने जात होते, आणि ब्रिटिश टपाल खात्याने काही वर्षे ते रेल्वेनेच नेण्याचा आग्रह धरला. कालव्याचा मोठा लाभ झाला तो मालाला, कारण गाठोडी बोटीतून उतरवून गाडीत आणि गाडीतून पुन्हा बोटीत चढवण्याचा खटाटोप संपला. म्हणजे कालव्यानेसुद्धा मुख्यतः एक थांबाच काढून टाकला. या सोयीसाठी इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीने राबवले गेले, खेदिवाचे राज्य कर्जात बुडाले, १८७५मध्ये त्याचे कालव्यातले भाग ब्रिटिश सरकारने विकत घेतले आणि १८८२मध्ये ब्रिटिश फौजा इजिप्तमध्येच येऊन बसल्या.

इथे एक आक्षेप येऊ शकतो. थांब्यांमागचे राजकारण काहीही असो, वेळ घटला तो सर्वांसाठीच घटला ना? मुंबईच्या व्यापाऱ्याचे पत्र जसे लवकर पोहोचू लागले, तसे सामान्य रयतेचेही पोहोचू लागले. पण कोणाला वेळ किती लागतो हे त्याच्या हातात काय आहे यावर ठरते. साताऱ्याचे उदाहरण पाहू. १८३९मध्ये प्रतापसिंह महाराजांना मुंबई सरकारने गादीवरून दूर केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३पर्यंत तिथे खटपट करत राहिले. हा आगबोटीचा आणि सुएझच्या वाटेचा काळ होता. पत्रे दीड-दोन महिन्यांत पोहोचत होती. तरीही मुंबईत निर्णय आधी अमलात येई आणि लंडनमध्ये त्यावरची तक्रार मागाहून ऐकली जाई. १८४७मध्ये महाराज काशीला वारले, १८४८मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि त्यांचे वकील अजून लंडनच्या दारांवर उभेच होते. अंतराने आलेला विलंब राज्य करणाऱ्याच्या पथ्यावर पडत होता: हातात सत्ता असलेला आधी कृती करू शकत होता, दाद मागणाऱ्याला मात्र पूर्ण वाट चालावी लागत होती. १८७०मध्ये मुंबई-एडन-सुएझमार्गे समुद्रतळाची तार इंग्लंडला जोडली गेली, तेव्हा निरोप तासांत पोहोचू लागला. त्याचाही पहिला फायदा सरकारला आणि कापसाच्या बाजारालाच झाला. शब्दाला लागणारा वेळ आणि देहाला लागणारा वेळ यांची तारेमुळे कायमची फारकत झाली, एवढे मात्र खरे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत या वाटेवर जी सुधारणा झाली ती जवळजवळ सगळी जुळवाजुळवीची होती. दर आठवड्याला ठरल्या वारी सुटणारी पी अँड ओ कंपनीची डाकबोट, ती गाठता यावी म्हणून बॅलार्ड पिअरपर्यंत थेट येणाऱ्या रेल्वेगाड्या, आणि भूमध्य समुद्राला वळसा घालण्याऐवजी ब्रिंडिसी किंवा मार्सेलिसला उतरून युरोप रेल्वेने पार करण्याची सोय: हे सगळे वेळापत्रकाचे काम आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेलिसला उतरले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये होते. डॉ. आंबेडकर त्याच परिषदेसाठी दोन आठवडे आधी, १५ ऑगस्टला, ‘मुलतान’ बोटीने निघाले होते. शंभर वर्षांपूर्वी ‘ह्यू लिंडसे’ला नुसत्या सुएझपर्यंत ३३ दिवस लागले होते, आता अख्खा प्रवास १४ दिवसांत होत होता. बोटींचा वेग या काळात अडीच-तीन पट वाढला हे मान्यच आहे. पण कोळशासाठी घालवलेले ते १२ दिवस वेगाने भरून निघाले नसते. ते थांबे आवळले गेले म्हणून वाचले. आणखी एक थांबा आपण मोजायला विसरतो, तो म्हणजे निघण्याआधीचा. आठवड्याला एकच बोट असेल तर ती चुकलेल्याचा प्रवास चौदा नव्हे, एकवीस दिवसांचा असतो.

विमानाच्या आगमनाने हा सारा हिशेब उलटला असे आपण मानतो. उलट, माझ्या मते या युक्तिवादाचा सर्वांत स्पष्ट पुरावा पहिल्या हवाई सेवेनेच दिला आहे. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंतची सेवा सुरू केली. प्रवासाला सात दिवस लागत. ती विमाने ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास उडत, म्हणजे सुमारे ८,००० किलोमीटरच्या या वाटेला हवेत पन्नास-पंचावन्न तास पुरे होते. मग उरलेले पाच दिवस कुठे जात? क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, तिथून कैरोपर्यंत पुन्हा रेल्वे, आणि कैरोहून बगदाद, बसरा आणि इराणच्या किनाऱ्यामार्गे कराचीपर्यंत तिसरे विमान, अशी ही साखळी होती. रात्री उडण्याची सोय नव्हती, म्हणून सूर्य मावळला की मुक्काम. वाळवंटात वैमानिकाला दिशा कळावी म्हणून नांगराने मैलोन्‌मैल चर पाडलेला होता. हवेतून जाणाऱ्या या मार्गात रेल्वे शिरली, त्यालाही केवळ आल्प्स पर्वत कारण नव्हता. इटलीशी उडण्याच्या हक्कांवरून वाद चालत आणि पुढे कित्येक वर्षे प्रवाशांना पॅरिसहून ब्रिंडिसीपर्यंत गाडीने नेऊन तिथे विमानात बसवले जाई. विमान आल्प्स ओलांडू शकत होते की नाही हा प्रश्न अभियंत्यांचा होता. इटलीवरून उडू शकत होते की नाही हा प्रश्न रोमच्या सरकारचा होता, आणि दुसरा प्रश्न सुटायला जास्त वर्षे लागली.

इराणचे प्रकरण याहून बोलके आहे. इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून उडण्याची परवानगी वाढवून देण्यास नकार दिल्यावर, ऑक्टोबर १९३२पासून हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूला हलवावा लागला. बहारीन आणि शारजा ही नावे हवाई नकाशावर आली ती अशी. शारजाच्या शेखाशी करार झाला, धावपट्टी आखली गेली आणि प्रवाशांच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखे मजबूत विश्रांतिगृह बांधले गेले. भाडे रुपयांत ठरले, कारण त्या किनाऱ्यावर तेव्हा हिंदुस्थानचाच रुपया चालत असे. मुंबई मात्र अजूनही या वाटेवर नव्हती. इम्पीरियलचा मार्ग कराचीहून दिल्लीकडे आणि पुढे कलकत्त्याकडे वळला, आणि मुंबईचे हवाई टपाल कराचीला उतरून पुढे रेल्वेने रखडत येई. ही उणीव भरून काढली ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेव्हा जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला त्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. त्या दिवसाचे स्मरण आपण भारतीय विमानवाहतुकीचा जन्म म्हणून करतो, ते योग्यच आहे. पण मुंबई-लंडन वेळेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अगदी नेमके आहे: कराचीच्या फलाटावर अडकून पडणारे मुंबईचे पत्र त्या दिवसापासून अडकेनासे झाले.

यानंतरची मोठी घटना कुठल्या कारखान्यात घडली नाही. १९४४च्या शिकागो करारात प्रत्येक राष्ट्राचे त्याच्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असल्याचे तत्त्व मान्य झाले, आणि कोणी कोणाच्या आकाशातून जावे, कुठे उतरावे, कुठे प्रवासी घ्यावेत हे देशादेशांतल्या करारांनी ठरू लागले. स्वतंत्र भारताला या चौकटीचा लाभ लगेच झाला. मार्च १९४८मध्ये एअर-इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवास सुमारे चोवीस तासांचा होता. या मार्गाचे अंतर ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या वेगाने भागले तर सोळा-सतरा तास येतात. बाकीचा वेळ दोन थांबे, चढणे-उतरणे आणि समोरचा वारा यांत जाई. ही सेवा आठवड्यातून एकदाच होती. तरीही १९२९च्या सात दिवसांशी तुलना केली तर लक्षात येते की मुक्काम गेले, रेल्वे गेली, विमानांची बदली गेली. एका बाजूला रात्री उडू शकणारे विमान आणि दुसऱ्या बाजूला आपल्या नावावर मिळवलेले हक्क, या दोन्हींनी मिळून तो दिवस आणला. दोहोंपैकी एकच असता तर तो आला नसता.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. जेट विमानाचे काय? १९६०मध्ये एअर इंडियाने बोईंग ७०७ आणले आणि मुंबई-लंडन वेळ जवळपास निम्मा झाला. हे काम यंत्राचेच आहे, यात शंका नाही. ताशी पावणेपाचशेवरून नऊशेच्या घरात जाणे ही या सगळ्या इतिहासातली वेगाची सर्वांत मोठी उडी आहे, आणि माझ्या मांडणीने ती लपवू नये. पण या उडीनंतर काय झाले हेही पाहायला हवे. १९६०चे ७०७ ज्या वेगाने उडे, साधारण त्याच वेगाने आजची विमाने उडतात. साठ-पासष्ट वर्षांत प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही, कारण आवाजाच्या वेगाजवळ हवेचा रोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. या काळात वेळ घटला तो विमानांचा पल्ला वाढल्यामुळे. इंजिने कमी इंधनात दूर जाऊ लागली, बेरूत, कैरो, रोम, जिनिव्हा हे थांबे एकेक करून गळाले आणि मुंबईहून उठलेले विमान थेट लंडनला उतरू लागले. आवाजाहून वेगवान असे यंत्र जगाने बनवले नाही असेही नाही. काँकॉर्ड जानेवारी १९७६पासून लंडन-बहारीन मार्गावर उडत होते. १९७७मध्ये ते सिंगापूरपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मलेशियाने आक्षेप घेतला, भारताने आपल्या भूमीवरून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडण्यास मनाई केली, आणि १९८०मध्ये तो मार्ग बंद पडला. खालच्या लोकांनी तो हादरवणारा आवाज का सोसावा, हा भारताचा प्रश्न रास्त होता. यंत्र तयार होते, परवानगी नव्हती. आणि परवानगीविना ते यंत्र या वाटेवर कुचकामी ठरले.

कोणी म्हणेल, हा सगळा भूतकाळ झाला. आता विमान कुठेही न थांबता जाते, तेव्हा थांब्यांचा इतिहास संपला. दुर्दैवाने तसे नाही. थांबा काढून टाकता येतो, त्याखालची जमीन काढून टाकता येत नाही. जून १९६७च्या युद्धानंतर सुएझ कालवा आठ वर्षे, जून १९७५पर्यंत, बंद राहिला आणि मुंबईची मालवाहू जहाजे पुन्हा केपला वळसा घालू लागली; शंभर वर्षांपूर्वी संपलेले ८,००० किलोमीटर एका दिवसात परत आले. आकाशातही तेच घडते. फेब्रुवारी ते जुलै २०१९ आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५पासून पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. दुसऱ्या वेळी ही बंदी भारतीय विमानांपुरती होती. भारतानेही काही दिवसांत तेच पाऊल उचलले, आणि पुढे महिन्यामागून महिना मुदत वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशांना त्याची झळ अधिक बसली. समोर अरबी समुद्र मोकळा असल्याने मुंबईला ती कमी लागली. पण १३ जून २०२५ रोजी इराण आणि इस्रायल यांच्यातला संघर्ष पेटून इराणचे आकाश बंद झाले, तेव्हा लंडनकडे निघालेले भारतीय विमान वाटेतूनच मागे वळून मुंबईलाच उतरले. १९३२मध्ये ज्या देशाच्या नकाराने मार्ग बदलला, त्याच देशाच्या आकाशाने नव्वद वर्षांनंतर पुन्हा वेळापत्रक मोडले. विमानांच्या पिढ्या बदलल्या, नकाशा बदलला नाही.

शिवाय प्रवाशाचे थांबणे फक्त वाटेवर नसते. १९६२च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्यापर्यंत भारतीय पारपत्र असलेल्याला ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक होण्याची मोकळीक होती, आणि १९८६मध्ये तर भारतीयांना साध्या भेटीसाठीही आधी व्हिसा काढणे सक्तीचे झाले. म्हणजे विमानाने थांबे गाळून प्रवास एका झोपेपुरता आणला, त्याच काळात निघण्याआधी एक नवा थांबा उभा राहिला, आणि तो तासांत नव्हे, आठवड्यांत मोजावा लागतो. लंडनच्या माणसाला मुंबईला यायलाही व्हिसा लागतो, हे खरे आहे. पण कागदपत्रे, बँकेचे पुरावे आणि नकाराची धास्ती यांचे ओझे दोन्हीकडे सारखे नाही. शिकायला गेलेल्या मुलीच्या पदवीदानाला वेळेवर पोहोचायचे की नाही, आजारी भावाला भेटता येईल की नाही, हे आज ठरते ते इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. इथेही सातारच्या वकिलाचीच स्थिती पुन्हा दिसते. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यासाठी अंतर कमी, ज्याला दाद मागायची आहे त्याच्यासाठी जास्त.

यावर असे म्हणता येईल की यंत्र, इंधन, करार, कायदा या सगळ्यांना ‘थांबा’ म्हणून मी शब्द फारच ताणतो आहे. पण प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर हे सगळे एकाच रकमेत मिळतात: निघायचे ठरवल्यापासून पोहोचेपर्यंतचा काळ. कंपनीच्या जाहिरातीत छापला जातो तो फक्त हवेतला वेळ, कारण तेवढाच कंपनीच्या ताब्यात असतो. इतिहासाने मात्र पूर्ण रक्कम मांडली पाहिजे. ती मांडली की दोन गोष्टी दिसतात. पहिली, वेगाच्या उड्या या दोनशे वर्षांत मोजक्याच झाल्या, आणि त्यांच्या मधल्या दीर्घ काळात वेळ वाचवला तो वेळापत्रके आखणाऱ्या, ठाणी राखणाऱ्या, कोळसा वाहणाऱ्या आणि करारांवर वाटाघाटी करणाऱ्या माणसांनी. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे कुठेच नाहीत. दुसरी, मिळवलेला वेळ कायमचा आपला होत नाही. एडन जिंकून मिळवलेला वेळ साम्राज्याबरोबर गेला, कालव्याने दिलेला वेळ युद्धाने आठ वर्षे काढून घेतला, आकाशाने दिलेला वेळ एका आदेशाने कमी होतो. जो वेळ संमतीने मिळाला, शिकागोच्या चौकटीत दोन देशांनी बरोबरीने बसून ठरवला, तोच त्यातल्या त्यात टिकला. म्हणून मुंबई आणि लंडन यांच्यातले अंतर आणखी कमी व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांनी अधिक वेगवान विमानाची वाट पाहण्यापेक्षा मधल्या देशांतल्या शांततेची आणि दोन्ही टोकांच्या दारांवरच्या न्यायाची मागणी करावी. गेल्या दोन शतकांचा हिशेब तरी हेच सांगतो की खरी बचत तिथेच झाली आहे, आणि खरे नुकसानही तिथेच.